लहान ठेकेदाराने व्यवसायाची कायदेशीर रचना कशी निवडावी?

प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: प्लंबिंग, इलेक्ट्रिक, इंटिरियर किंवा लहानमोठ्या बांधकामाची कामे घेतो, वर्षाला एक-दीड कोटीची बिले होतात, एक मित्र भागीदार व्हायला तयार आहे. आहे तशी प्रोप्रायटरशिप (एकट्या मालकाचा धंदा) चालू ठेवू, भागीदारी करू, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढू की सरळ प्रायव्हेट लिमिटेड? आणि लगेच जोडून विचारले जाते, कर कशात कमी बसेल?

कराकडे येऊच, पण तो तिसऱ्या क्रमांकाचा मुद्दा आहे. त्याच्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. कामाचा अनुभव कोणाच्या नावावर जमा होणार? आणि काम अंगावर आले तर कोणाची घरेदारे पणाला लागणार?

अनुभवाचे आधी बघू, कारण ठेकेदारी इथे इतर धंद्यांपेक्षा वेगळी पडते. दुकानाचे नाव बदलले तरी गिऱ्हाईक येते. ठेकेदाराच्या हातात मात्र काम पूर्णत्वाचे दाखले, मागच्या वर्षांची उलाढाल आणि ऐपतीचा दाखला एवढेच असते, आणि हे सगळे ज्या नावाने करार झाला त्या नावाला चिकटलेले असते. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या सूचनांवरून बऱ्याच निविदांत पात्रतेचे एक सूत्र चालत आले आहे: मागच्या ७ वर्षांत अंदाजपत्रकी रकमेच्या ४० टक्के किमतीची तीन सारखी कामे, किंवा ८० टक्के किमतीचे एक काम, शिवाय मागच्या ३ वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० टक्के. आकडे खात्यागणिक थोडे बदलतात, ढाचा तोच. आता पाच वर्षे स्वतःच्या नावाने कामे केली आणि सहाव्या वर्षी हौसेने कंपनी काढली, तर त्या कंपनीची उलाढाल शून्य असते. काही खाती संपूर्ण व्यवसाय हस्तांतराचा करार दाखवल्यावर जुना अनुभव धरतात, काही अजिबात धरत नाहीत. ते निविदेच्या पात्रता अटींत लिहिलेले असते, आणि तोंडी विचारून मिळालेल्या होकाराला निविदा उघडताना काडीची किंमत नसते.

म्हणून पाच-सात वर्षांनी मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या कामांत उतरायचे नक्की असेल, तर ज्या रचनेत शेवटी राहायचे आहे तिथेच पहिल्या लहान कामापासून दाखले जमवावेत. सार्वजनिक बांधकाम विभागाची ठेकेदार नोंदणीही नावानिशी असते. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी घेऊन काम वाटपात कामे मिळवणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. ती सवलत त्या अभियंत्याला व्यक्ती म्हणून मिळते; फर्म किंवा कंपनी केली की ती सोबत येईल असे गृहीत धरू नये.

याला एक उलटी बाजूही आहे. नोंदणीसाठी आणि निविदेसाठी बँकेचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला लागतो. प्रोप्रायटरचे घर, जमीन, ठेवी त्याच्या ऐपतीत मोजल्या जातात. एक लाख भांडवलाच्या नव्या कोऱ्या कंपनीला बँक कशाच्या जोरावर पंचवीस लाखांची सॉल्व्हन्सी देणार? मग बँक संचालकांची वैयक्तिक हमी आणि तारण मागते. बँक हमीसाठी तेच, ओव्हरड्राफ्टसाठी तेच. म्हणजे मर्यादित दायित्वासाठी कंपनी काढली आणि सर्वांत मोठ्या देणेकऱ्यासमोर ते दायित्व पहिल्याच सहीने सोडून दिले, असे सर्रास होते.

मग दायित्व मर्यादित करून उपयोग काय? उपयोग आहे, पण कुठे आहे हे नेमके कळायला हवे. माल पुरवणाऱ्याची थकबाकी, उपठेकेदाराचे बिल, ग्राहकाने काम सदोष म्हणून लावलेला भरपाईचा दावा, उशिराचा दंड, या सगळ्यांपुढे कंपनी आणि एलएलपी खरोखर आड येतात. वैयक्तिक हमी दिलेली नसेल तर घेणेकरी संस्थेच्या मालमत्तेपाशी थांबतो. बाकी ठिकाणी भोके आहेत. प्रायव्हेट कंपनीचा आयकर किंवा जीएसटी वसूल झाला नाही, तर तो संचालकांकडून वसूल करण्याची तरतूद दोन्ही कायद्यांत आहे. आपला घोर निष्काळजीपणा नव्हता हे संचालकाने सिद्ध करायचे असते. आयकरात एलएलपीच्या भागीदारांनाही तसेच कलम आहे. कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) किंवा कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ भरला नाही, तर कारभार पाहणारी माणसे थेट अडकतात. कंपनीचा चेक परत गेला तर सही करणारा आरोपी होतो. परांची कोसळून माणूस दगावला तर निष्काळजीपणाचा गुन्हा माणसावरच दाखल होतो, प्रमाणपत्रावरच्या कंपनीवर भागत नाही.

साइटवरचा सर्वांत मोठा धोका अपघाताचा, आणि तो रचना बदलून कमी होत नाही, विम्याने होतो. कामगारांसाठी वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी आणि कामासाठी कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी, तिच्यात त्रयस्थांच्या नुकसानीचे कलम घालून. पॉलिसीत कामगारांची संख्या आणि मजुरी खरी लिहा; हप्ता वाचवायला दहाच्या जागी चार लिहिले की दावा तिथेच अडतो. फक्त अपघाताच्या भीतीने कंपनी काढत असाल तर आधी विमा घ्या, कंपनीचे मग पाहू.

आता एकेक रचना.

प्रोप्रायटरशिप म्हणजे तुम्हीच. पॅन तुमचा, देणी तुमची. नोंदणी अशी नसते. शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी आणि चालू खाते झाले की धंदा उभा. वर्क्स काँट्रॅक्ट (मालासह घेतलेले बांधकाम किंवा दुरुस्तीचे काम) जीएसटीत सेवा धरला जातो, त्यामुळे महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा २० लाखांची. मालाच्या व्यापाऱ्याची ४० लाखांची मर्यादा इथे लागू नाही, आणि हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळते. प्रोप्रायटरला दोन फायदे असे आहेत जे कोणी सांगत नाही. पहिला, ठेकेदार व्यक्ती असेल तर ग्राहक बिलातून १ टक्का टीडीएस कापतो. फर्म, एलएलपी किंवा कंपनी असेल तर २ टक्के. दीड कोटीच्या बिलांवर हा फरक दीड लाखाचा, आणि तो परतावा येईपर्यंत अडकून पडतो. दुसरा, मागच्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर प्रोप्रायटरला स्वतः उपठेकेदारांचा टीडीएस कापावा लागत नाही. फर्म किंवा कंपनीला पहिल्या वर्षापासून कापावा लागतो: एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर गेली किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की. सेंट्रिंगवाला, फरशीवाला, रंगारी अशा दहा-बारा जणांचा टीडीएस कापला नाही, तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होऊन करपात्र नफ्यात मिळवला जातो.

प्रोप्रायटरचे खरे दुखणे मृत्यू किंवा लांबचे आजारपण. अर्धवट कामाची बिले, अनामत, बँक हमी सगळे थांबते. वारसांना कागद गोळा करून एकेका खात्यात फिरावे लागते, आणि ठेकेदाराची नोंदणी वारसाहक्काने मिळत नाही.

भागीदारी फर्म १९३२ च्या कायद्याने चालते. करारपत्र स्टॅम्पवर केले, पॅन काढला, खाते उघडले आणि काम सुरू झाले, फर्म निबंधकांकडे नोंदणी राहिली, हे चित्र सगळीकडे दिसते. नोंदणी सक्तीची नाही म्हणून ती टाळली जाते. पण कलम ६९ वाचा. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून त्रयस्थावर दिवाणी दावाच लावता येत नाही. म्हणजे ग्राहकाने तीस लाख बुडवले तरी फर्म कोर्टात जाऊ शकत नाही, तो ग्राहक मात्र फर्मवर खुशाल दावा लावू शकतो. भागीदारालाही दुसऱ्या भागीदारावर करारातल्या हक्कासाठी दावा लावता येत नाही; फर्म विसर्जित करून हिशेब मागणे तेवढे शिल्लक राहते. दावा लावतेवेळी भागीदारांची नावे निबंधकांच्या नोंदवहीत असावी लागतात, त्यामुळे मध्येच नवा भागीदार घेतला आणि नोंद केली नाही तर नोंदणीकृत फर्मही तांत्रिक मुद्द्यावर अडकते. ठेकेदारीत वसुली हाच अर्धा धंदा. नोंदणी न केलेली भागीदारी मी कोणालाही सुचवणार नाही.

दायित्व संयुक्तही आणि वेगवेगळेही. मित्राने फर्मच्या नावावर सिमेंट-सळई उधार उचलली, तर पुरवठादार पूर्ण रक्कम तुमच्याकडून मागू शकतो; तुमचा हिस्सा ३० टक्के असल्याने काही फरक पडत नाही.

करारपत्र टंकलेखकाकडच्या तयार नमुन्यावर करू नका. त्यात या गोष्टी आकड्यांसह हव्यात: कोणाचे भांडवल किती आणि त्यावर व्याज किती टक्के (आयकरात १२ टक्क्यांपर्यंतच वजा मिळते), काम करणारे भागीदार कोण आणि त्यांच्या पगाराचा आकडा किंवा सूत्र, कारण "परस्पर संमतीने ठरेल" एवढेच लिहिले तर पगार नामंजूर होतो, किती रकमेच्या वरची खरेदी, निविदा आणि चेक दोघांच्या सहीने, बँक हमीसाठी कोणाची मालमत्ता तारण दिली आणि त्याचा त्याला मोबदला काय, बाहेर पडणाऱ्याला चालू कामांतला नफा कसा मोजून द्यायचा. हे शेवटचे कलम सर्वांत जास्त भांडणे लावते. भागीदार मार्चमध्ये बाहेर पडतो, अनामत दोष दायित्व कालावधी (काम झाल्यावर दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावर दोन वर्षांनी सुटते, आणि तोवर गळतीची दुरुस्ती राहिलेल्याने केलेली असते. म्हणून प्रत्येक चालू कामाचे बिल, बाकी काम, अडकलेली अनामत आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवायची रक्कम असा तक्ता बाहेर पडण्याच्या तारखेला करायचा, असे करारपत्रातच लिहून ठेवावे.

भागीदार वारला तर वेगळा करार नसल्यास फर्म संपते. "मृत्यूनंतरही फर्म चालू राहील" असे कलम घालतात, पण भागीदार दोनच असतील तर ते पुरत नाही. एकट्या माणसाची फर्म होऊ शकत नाही. तिसरा भागीदार आधीपासून असणे हाच त्यावरचा मार्ग.

एलएलपी म्हणजे भागीदारीची लवचिकता आणि कंपनीसारखे वेगळे अस्तित्व. किमान दोन भागीदार, किमान दोघे नियुक्त भागीदार (कायदेशीर पूर्ततेला जबाबदार), त्यातला एक भारतात राहणारा. नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत करारपत्र दाखल करायचे. दरवर्षी फॉर्म ११ ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ ३० ऑक्टोबरपर्यंत, काम एक रुपयाचे नसले तरी. लेखापरीक्षण उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेले तरच सक्तीचे. ठेकेदार ४० लाख सहज ओलांडतो, तेव्हा ते धरूनच चालावे. आपापसांत विश्वास असलेल्या, पण एकमेकांच्या चुकांसाठी घर गमवायला तयार नसलेल्या दोघा-तिघांना, खासगी कामांसाठी, ही रचना मला बरी वाटते. दोन बाबी तपासून घ्या: तुम्हाला हव्या त्या निविदांच्या पात्रतेत एलएलपी शब्द आहे का, आणि भागीदार दोनाखाली गेले तर सहा महिन्यांत दुसरा आणता येईल का. नाहीतर त्यापुढची देणी उरलेल्या एकट्याच्या अंगावर येतात.

प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात, किमान भांडवलाची अट २०१५ पासून नाही. व्यवसाय सुरू केल्याचे घोषणापत्र १८० दिवसांत, लेखापरीक्षक ३० दिवसांत, लेखापरीक्षण दरवर्षी सक्तीचे. ताळेबंद वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत आणि वार्षिक विवरण ६० दिवसांत दाखल करायचे. चुकले तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म शंभर दिवस राहिले की २०,००० गेले. सलग तीन वर्षे भरलेच नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात.

ठेकेदारांना कंपनीत सर्वांत जड जाते ते पैशाचे शिस्तीचे वळण. कंपनीचे पैसे तुमचे नसतात. खात्यातून घरखर्च, मुलाची फी, गावाकडच्या घराचा स्लॅब असे पैसे उचलले आणि ते कर्ज म्हणून दाखवले, तर कंपनी कायद्यात संचालकाला कर्ज देण्याची बंदी आडवी येते आणि आयकरात ते लाभांश धरून करपात्र होऊ शकते. पगार ठरवा, ठराव करा, टीडीएस कापून महिन्याला घ्या. शिवाय कोटेशन, बिल, पत्र, करार सगळे कंपनीच्या पूर्ण नावाने आणि सीआयएन (कंपनीच्या नोंदणी) क्रमांकासह. कंपनी असूनही कोटेशन स्वतःच्या नावाच्या जुन्या लेटरहेडवर दिले, तर वाद झाल्यावर समोरचा वकील तोच कागद पुढे करतो.

एकट्याने कंपनी हवी असेल तर वन पर्सन कंपनी आहे. नामनिर्देशित व्यक्ती द्यावी लागते, लेखापरीक्षण तितकेच सक्तीचे. दोन कोटी उलाढालीची जुनी मर्यादा १ एप्रिल २०२१ पासून उठली आहे. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने ठेकेदारी करण्यात वाटणीच्या वेळी गुंते होतात; नवी सुरुवात त्यात करू नये.

कर आता पाहू. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. खाली सर्वांच्या तोंडी असलेले जुने क्रमांक आणि २०२५-२६ चे दर घेतले आहेत.

धरा, मालकांचा मोबदला वजा करण्यापूर्वीचा नफा १५ लाख. प्रोप्रायटरला नव्या पद्धतीत सेससह १,०९,२०० रुपये कर. दोन काम करणाऱ्या भागीदारांची फर्म किंवा एलएलपी असेल, तर पगाराची कमाल वजावट पहिल्या ६ लाखांच्या ९० टक्के आणि उरलेल्याच्या ६० टक्के, म्हणजे १०.८० लाख. राहिलेल्या ४.२० लाखांवर ३१.२ टक्क्यांनी १,३१,०४० रुपये. भागीदारांना प्रत्येकी ५.४० लाख मिळाले, ते नव्या पद्धतीतल्या करमाफीच्या १२ लाखांच्या आत असल्याने दुसरे उत्पन्न नसेल तर त्यांना कर नाही. कंपनीत दोघा संचालकांना प्रत्येकी साडेसात लाख पगार दिला तर कंपनीचा नफा शून्य आणि दोघांचाही कर शून्य. पगार वाजवी असला पाहिजे आणि खरोखर दिलेला असला पाहिजे, एवढी अट. नफा कंपनीत उरला तर वेळेत पर्याय निवडल्यास २५.१६८ टक्के, आणि तो लाभांश म्हणून काढला की पुन्हा तुमच्या हातात कर.

कागदावर कंपनी जिंकते. तिच्यातून लेखापरीक्षण, फॉर्म दाखल करण्याची फी, सीएचे मानधन, पगारावरचा टीडीएस वजा करा. १५ लाखांच्या नफ्यावर फारसे उरत नाही. नफा तीस-चाळीस लाखांवर जाऊन त्यातला मोठा भाग यंत्रसामग्रीत आणि पुढच्या कामांच्या बयाण्यात गुंतवायचा असेल, तेव्हा कंपनीचा दर खरा कामाला येतो.

आयकराच्या कलम ४४एडीने (उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरण्याची सोय) मात्र चित्र पालटते. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि बाकीच्या ८ टक्के नफा दाखवून मोकळे होता येते. ही सोय व्यक्ती, अविभक्त कुटुंब आणि साधी भागीदारी फर्म यांना आहे. एलएलपीला नाही, कंपनीला नाही. दीड कोटी बँकेतून आले तर ६ टक्क्यांनी ९ लाख, आणि दुसरे उत्पन्न नसेल तर प्रोप्रायटरला कर शून्य. तीच उलाढाल फर्मची असेल तर ४४एडीत भागीदारांचा पगार आणि व्याज वेगळे वजा होत नाही, त्यामुळे ९ लाखांवर सरळ ३१.२ टक्के, म्हणजे २,८०,८०० रुपये. "फर्मलाही ४४एडी चालते" हे अर्धे ऐकून भागीदारी करणारे इथे ठेचकाळतात. वहीखाते ठेवून पगार वजा करणेच फर्मला परवडते. तिथेही १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला पगार, व्याज वगैरे मिळून वर्षाला २०,००० च्या वर दिले की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा आहे, म्हणजे टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक) आलाच.

६ टक्के हा किमान आकडा; खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा असतो. आणि विवरणपत्रात तीन वर्षे ९ लाख दाखवून बँकेकडे चाळीस लाखांची कर्जमर्यादा मागायला गेलात, तर बँक ९ लाखच मोजते.

माझा कल सांगायचा तर असा. एकटे आहात, खासगी ग्राहक, उलाढाल दोन-तीन कोटींच्या आत: प्रोप्रायटरशिप, विमा आणि प्रत्येक कामाचा लेखी करार. वर दिलेल्या दीड कोटीवाल्या प्रश्नकर्त्याने तर मित्राला लगेच भागीदार करण्याऐवजी एक-दोन कामांत उपठेकेदार म्हणून किंवा नफ्याच्या टक्केवारीवर पगारी घेऊन पाहावे. पैसे उशिरा आल्यावर माणूस कसा वागतो ते एका कामात कळते. दोघांचेही भांडवल लागणार असेल तर एलएलपी. सरकारी निविदा आणि मोठी बँक मर्यादा हेच ध्येय असेल तर पहिल्या कामापासून प्रायव्हेट लिमिटेड, खर्च पुढची गुंतवणूक समजून.

रचना बदलायचीच झाली तर १ एप्रिल ही तारीख धरा, म्हणजे हिशेब मध्येच तुटत नाहीत. प्रोप्रायटरशिप कंपनीत नेताना भांडवली नफ्याचा कर टाळायचा असेल तर सगळी मालमत्ता आणि सगळी देणी एकत्र द्यावी लागतात, मोबदला फक्त शेअरमध्ये, आणि किमान ५० टक्के मतदान हक्क पाच वर्षे तुमच्याकडे राहावे लागतात. नवा पॅन म्हणजे नवा जीएसटी क्रमांक. शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने हलवायचे, आणि ते जुनी नोंदणी रद्द करण्याच्या आधी. कंपनीतून मागे एलएलपीत यायचे तर करमुक्त वाट अरुंद आहे: मागच्या तिन्ही वर्षांत उलाढाल ६० लाखांच्या आत आणि मालमत्ता ५ कोटींच्या आत. चालत्या ठेकेदाराला ती जवळपास बंदच.

चालू कामे आपोआप नव्या नावावर जात नाहीत. प्रत्येक ग्राहकाची लेखी संमती घ्या. सरकारी कामात परवानगीशिवाय काम दुसऱ्याकडे सोपवणे हा बहुधा करारभंगच धरला जातो. त्यामुळे हाती असलेली सरकारी कामे जुन्या नावाने संपवायची आणि नवी कामे नव्या नावाने घ्यायची, ही पद्धत सगळ्यांत कमी त्रासाची. जुने बँक खाते आणि जीएसटी क्रमांक शेवटच्या कामाचा दोष दायित्व कालावधी संपून अनामत जमा होईपर्यंत बंद करू नका.